ओला तापमापी आणि आत्या

वातावरणाचं भौतिकशास्त्र शिकणारी घरातली ती पहिलीच, त्यामुळे तिच्या पदवीचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावायचा. वडिलांची लॉन्ड्री होती. त्यांच्या मते मुलगी चादरी कधी वाळतील ते शिकत होती. आत्या सरळ म्हणायची, पोरगी कॉलेजात हवा खायला जाते.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी प्रोजेक्ट दिला. घरापाशी दहा दिवस हवेतला दमटपणा मोजायचा. झडपांची पांढरी पेटी, तिच्यात दोन तापमापी. एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला फडकं, आणि फडक्याचं शेपूट पाण्याच्या वाटीत. फडक्यातलं पाणी उडून जातं तसा तो तापमापी गार पडतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांत फरक जास्त. फरकच नसला तर हवा पाण्याने गच्च भरलेली, म्हणजे शंभर टक्के.

पेटी लॉन्ड्रीच्या गच्चीवर बसली. सकाळ-संध्याकाळचे आकडे ती घेणार होती. दुपारी बाराला ती वर्गात असायची, म्हणून ते काम आत्याकडे आलं. लॉन्ड्री नावाला वडिलांची. हुकूम आत्याचा चालायचा. तिला आकडे कसे वाचायचे ते दाखवलं आणि वही दिली.

नऊ दिवसांनी तिने वही उघडून बघितली. सकाळी साठ टक्के, संध्याकाळी पन्नास, आणि रणरणत्या उन्हात भर दुपारी शंभर. रोज. आपल्या हाती घबाड लागलं अशी तिची खात्री पटली. लॉन्ड्रीच्या वाफेमुळे गच्चीवर दमट हवेचा थर साचतो, असा सिद्धांत तिने दोन पानं आणि तीन आकृत्यांत मांडला. थराला वडिलांचं आडनावसुद्धा देऊन टाकलं.

मॅडमनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग दुपारी तुमच्या चादरी वाळतात का, एवढंच विचारलं. तासाभरात कडकडीत, असं ती ऐटीत सांगायला गेली आणि वाक्य संपेपर्यंत तिचा आवाज पार खाली गेला.

दहाव्या दिवशी पावणेबाराला मॅडम तिच्याबरोबर गच्चीवर हजर झाल्या. आत्या आधीच पेटीपाशी होती. तिने वाटीतलं पाणी कुंडीत ओतलं, फडकं काढून पिळलं, खाली जाऊन त्यावर गरम इस्त्री फिरवली आणि पुन्हा नीट गुंडाळलं. बारा वाजता समाधानाने वाचलं, "दोन्हीकडे एकतीस."

"आत्या, हे तू रोज करतेस?"

"मग काय. ओलं कापड पेटीत कोंडून ठेवतेस आणि निघून जातेस. कुबट वास येतो."

रोज संध्याकाळी वाटी रिकामी दिसायची, ती निमूटपणे भरून, फडकं भिजवून आकडे घ्यायची. शंभर टक्के दमट हवेत वाटीतलं पाणी उडालं कसं, हा प्रश्न तिला नऊ दिवसांत एकदाही पडला नव्हता. आता पडला, आणि तोही मॅडमसमोर. आपण गच्चीवरच विरघळून जावं असं तिला वाटलं. मग सगळा राग आत्यावर निघाला.

आत्याने तो शांतपणे ऐकून घेतला. "आकडे वाच म्हणालीस, मी वाचले. ते कशासाठी, हे कुठे सांगितलंस?"

मॅडम म्हणाल्या, "बरोबर बोलताहेत त्या."

तेव्हा तिने पहिल्यांदा आत्याला नीट समजावलं. आत्याला दोन मिनिटं पुरली. ओल्या चादरी झटकताना हात गार पडतात, ते हेच ना, असं तिने विचारलं. ते हेच होतं.

मॅडमनी आणखी दहा दिवस दिले आणि बिघडलेले आकडे, सिद्धांतासकट, प्रोजेक्टला जोडायला लावले. आडनाव खोडू का, असं तिने विचारून पाहिलं. मॅडम नाही म्हणाल्या. वडिलांना मात्र ते पान फार आवडलं. त्यांनी दोन गिऱ्हाइकांना दाखवलं.

या खेपेला दुपारच्या प्रत्येक आकड्यापुढे आत्याचा शेरा होता. 'वाटी भरली.' 'शेजारीण पेटीला टेकली, उठवली.' 'ढग आले, दहा मिनिटं थांबून वाचलं.' तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरेच आधी वाचले आणि या निरीक्षक कोण, असं विचारलं. आत्या, असं तिने सांगितलं. प्रोजेक्टला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी पेटी तिथेच ठेवता येईल का, असं मॅडमनी विचारून पाठवलं. आत्याने होकार कळवला. फक्त येणाऱ्याने काय करायचं याआधी कशाला करायचं ते सांगावं, नाहीतर येऊ नये.