मांडव निघेपर्यंत

आमच्या धाकट्या मुलाचं, प्रितमचं, लग्न झालं ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. बारा मे, गुरुवार. त्याला तळोज्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा करंजा गावातलं घर बंद करून आम्ही नवीन पनवेलला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. माझी बायको सोनाबाई हिने चाळीस वर्षं तिथल्या बंदरावर मासळी विकली होती. इथे आल्यावर तिचं आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग झोप. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टरने टॉनिक दिलं. शेजारणी म्हणाल्या, वय झालं.

पनवेलच्या एका दवाखान्यात तेव्हा नर्सबायांचा वर्ग सुरू झाला होता. म्हाताऱ्या माणसांच्या मनाचं दुखणं कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं, ते मुंबईच्या वसुंधरा मॅडम शिकवायच्या. करंज्याच्या आमच्या शेजाऱ्याची मुलगी विनिता त्या वर्गात होती. प्रत्येकीने एका म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन प्रश्नांचा कागद भरायचा होता. तिने सोनाबाईला निवडलं. मला बरं वाटलं, कोणीतरी बघेल तरी.

ती लग्नाआधीच्या सोमवारी आली. इमारतीखाली लग्नाचा मांडव आदल्या दिवशीच घातला होता. झोप लागते का, भूक लागते का, रडू येतं का, असं ती एकेक विचारू लागली. सोनाबाई सगळं खरं सांगत होती. इथे आल्यापासून चार महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. मी साठीनंतर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेला, दिसेल ते वाचायची सवय. विनिताच्या मागे उभा राहून मी कागद वाचत होतो.

“काका, पेपर माझा हाय, घाम तुमाला फुटलाय,” ती म्हणाली. सोनाबाई जरा हसली.

शेवटचा, सोळावा प्रश्न मी तिच्या आधी वाचला. मरून जावं असं मनात येतं का?

मी कागदावर हात ठेवला. आमच्यात मांडव पडला की तो निघेपर्यंत घरात मरणाचं नाव काढत नाहीत. नवऱ्या मुलाच्या आईपुढे तर नाहीच. विनिता आमच्यातलीच. तिने मान डोलावली आणि ती जागा कोरी सोडली.

मंगळवारी ती पुन्हा दारात. मॅडमनी कागद परत दिला होता. बाकीचे प्रश्न राहिले तरी चालतील, हा सोडायचा नाही, आणि विचारल्याने कोणाच्या डोक्यात मरण शिरत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी तिला आत घेतलं नाही.

“तुझ्या मॅडमच्या दारात मांडव नाय. सोमवारी ये, मग काय ईचारायचं ते ईचार.”

आतून सोनाबाईचा आवाज आला. “ईचारू द्या तिला. मी सांगते.”

“तू गप पड. पोराची हळद हाय.”

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. विनिता कागद घेऊन जिना उतरली.

लग्नात सोनाबाई उठली. नवं लुगडं नेसली, सुनेला ओवाळलं, पाया पडणाऱ्या पाहुण्यांना आशीर्वाद दिले. माझी बहीण गंगाबाई म्हणाली, बघ, पोराच्या लग्नाने बरी केली. मलाही तसंच वाटलं. शनिवारी संध्याकाळी मांडव निघाला. सोमवारी विनिता येणार असं मी सोनाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, “आता कशाला?” मी ते मनावर घेतलं नाही.

रविवारी पहाटे मला जाग आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. सकाळी ती खाडीत सापडली.

मॅडम घरी येऊन गेल्या. कोणालाच बोल लावला नाही त्यांनी. विनिताने वर्ग सोडला. पुढे पावसाळ्यात तो वर्गही बंद पडला आणि त्या बाया आपापल्या वॉर्डात सुया टोचायला परत गेल्या. मी करंज्याला परत आलो.

माझी बायको सोनाबाई, वय एकसष्ट, रविवार, पंधरा मे एकोणीसशे चौऱ्याण्णव रोजी वारली.