गोंड्यांची गुलेल

मी एक जुनी गुलेल आहे. मित्रांनो, पुस्तकात तुम्ही मला गलोल म्हणत असाल, कुणी बेचकीही म्हणत असेल. आमच्या तेल्हाऱ्याला मला गुलेलच म्हणतात. आधीच सांगून ठेवते, माझ्या नाकावर राग असतो. म्हाताऱ्या वस्तूंनी गोडगोड बोलावं अशी अपेक्षा असेल तर एखाद्या समईकडे किंवा पाळण्याकडे जा. माझी एक तक्रार आहे आणि ती मी करणार आहे.

माझा जन्म जामाच्या झाडावर झाला. जाम म्हणजे तुमचा पेरू. मी त्याची दोन सारख्या बोटांची एक फांदी होते. अब्दुल गफ्फार नावाच्या पिंजाऱ्याने तीन दिवस खालून निरखून पाहिलं आणि चौथ्या दिवशी मला करवतीने कापलं. मग चुलीवरच्या धुरात मला महिनाभर टांगलं, काचेच्या तुकड्याने माझी साल खरवडली आणि करडीचं तेल चोळलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन पट्टे माझ्या दोन टोकांना बांधले. मधे एका झिजलेल्या चपलेचं मऊ कातडं खडा धरायला बसवलं. झालं, मी तयार होते. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण गफ्फारभाऊंचा हात थांबला तर ना! एके काळी ते गावातल्या गाद्यांचा कापूस पिंजायचे. बाजारात कापूस पिंजायची मशीन आली आणि त्यांचं पिंजायचं, तात लावलेलं मोठं धनुष्य भिंतीला टेकून बसलं. गाद्या शिवायचं काम तेवढं उरलं, तेही लग्नसराईत. रिकामा हात त्यांना सोसत नसे. म्हणून ते छोटी धनुष्यं आणि गुलेली करायला लागले, आणि नुसत्या करायला नाही, नटवायला लागले. गादीच्या कापडाच्या चिंध्या, रंगीत सूत, गोट्याची म्हणजे जरीच्या फितीची किनार, मणी, आरशाच्या टिकल्या, जे हाती येईल ते त्यांच्या गुलेलींवर चढायचं. त्यांच्या भिंतीवर तेव्हा बावीस गुलेली आणि सात धनुष्यं टांगलेली होती. एकीनेही कधी खडा मारलेला नव्हता. सगळ्या नवरीसारख्या नटून खिळ्यावर बसलेल्या!

मी मात्र तशी नव्हते. पट्टे लावून मी साधीच तयार होते, आणि मला मागणी आली. दोन हजार पाच सालचा पोळा नुकताच झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई दारात उभ्या राहिल्या. त्या गावाबाहेर शेती करायच्या. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि शेत त्या आणि त्यांचे दीर जानराव मिळून कसायचे. दरवर्षी आपल्या घरच्या कापसाची गादी त्या गफ्फारभाऊंकडूनच भरून घ्यायच्या, म्हणून ओळख जुनी.

"गफ्फारभाऊ, माहा खांदा वर होत नाई," त्या म्हणाल्या. "बैलबंडीवरून पडली तवापासून गोफन फिरवता येत नाई मले. एक गुलेल करून द्या, साधी. साऱ्याईनं कापूस अन् सोयाबीन पेरलं. एकरभर जवारी फक्त मीनंच पेरली. आता साऱ्या शिवाराचे पोपट माह्याच वावरात येऊन राह्यले."

"आठ दिवसांत देतो, बाई," गफ्फारभाऊ म्हणाले. "असी देतो का पाहातच राहसान."

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जानरावांना ती एकरभर जवारीही नको होती. पोपट खातात, रोही म्हणजे नीलगायी खातात, राखण करून माणूस मरतो, त्यापेक्षा सगळीकडे कापूस लावू, असं त्यांचं म्हणणं. दुर्गाबाई म्हणायच्या, कापसाने बैलाचं पोट भरत नाही आणि भाकरीही होत नाही. शेवटी जानराव बोलले होते, "वयनी, पाच पोते घरात आले तं पुढच्या साली बी जवारी पेरू. नाई आले तं त्या एकरात बी कापूस. मंग मले बोल लावू नोका." दुर्गाबाईंनी मान्य केलं होतं. काळ्या मातीत खडा सापडत नाही, म्हणून त्यांनी मातीच्याच गोळ्या वळल्या आणि घराच्या पत्र्यावर वाळवल्या. टोपलंभर गोळ्या तयार होत्या. फक्त मी त्यांच्या हातात नव्हते.

आठ दिवस झाले, तेव्हा गफ्फारभाऊ माझ्या मुठीवर हिरवं-लाल सूत गुंडाळत होते. पंधरा दिवस झाले, तेव्हा सुतावर लाखेचा रंग चढत होता. माझी मूठ आरशासारखी गुळगुळीत झाली, वर गोट्याची किनार, मणी आणि आरशाच्या टिकल्याही बसल्या. मग अमरावतीच्या राजापेठेतले एक चित्रकलेचे मास्तर कुणाकडे तरी पाहुणे आले होते, ते भिंत बघायला आले. त्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हिला वरून गोंडे हवेत." मास्तर संध्याकाळच्या एसटीने परत गेले. गोंडे मात्र राहिले. माझ्या दोन्ही टोकांना लोकरीचे दोन लांब गोंडे बांधले गेले, आणि मास्तरांच्या शब्दाचा मान म्हणून ते चांगले टपोरे केले गेले.

दुर्गाबाई तीनदा येऊन गेल्या. प्रत्येक वेळी त्यांना पाण्याचा पेला मिळाला आणि "रंग वाळला का देतो" हे उत्तर. तिसऱ्या वेळी तर गफ्फारभाऊंची बायको आयशाबी आतून ओरडल्या, "अजी, उसका खेत खा रहे हैं तोते, और तुम मोती पिरो रहे! दे दो ना उसको जैसी है वैसी!"

गफ्फारभाऊ हसले. "हातातून निघनारी चीज अशी अर्धी द्यायची असते का?" ते म्हणाले. मला तर असा संताप आला! माझे पट्टे ताणायला शिवशिवत होते आणि मी गोंडे मिरवत खिळ्यावर लोंबत होते.

त्या वर्षी रोजे आणि नवरात्र बरोबरच आले. रोज्यात दुपार सरता सरत नाही, म्हणून गफ्फारभाऊंनी त्या दुपारीही माझ्यावरच घालवल्या. तिकडे जवारीचा दाणा भरत आला होता. अखेर खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी मला स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि दुर्गाबाईंच्या घरी नेलं. सुटले एकदाची, असं मला वाटलं.

पण दिवस कोणता ते बघा! खंडेनवमीला शेतकरी आपली हत्यारं धुतात, मांडतात, हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते, त्याला कामाला लावत नाहीत. दुर्गाबाईंच्या अंगणात खुरपं, विळा, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास असं सगळं मांडून झालं होतं. त्यांनी मला पाहिलं, दोन्ही हात गालावर नेले आणि म्हणाल्या, "अवं माय! हे तं देवाजवळ ठेवासारकी हाय." आणि ठेवलंच की! कपाळाला कुंकू, अंगावर झेंडूची फुलं. गफ्फारभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या हातच्या वस्तूचा इतका मान कुणीच केला नव्हता.

पूजा झाली आणि दुर्गाबाई शेतात गेल्या. हातात काय घेऊन गेल्या? तेलाचा रिकामा डबा आणि काठी! मी घरी, फुलांखाली. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत मला कुणी हात लावला नाही. दोन दिवस लांबून डब्याचा आवाज ऐकू येत होता आणि मी मूग गिळून बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी शेत पाहिलं. मित्रांनो, एवढं मोठं हिरवं शिवार, आणि मधे ती एकरभर जवारी. पोपटांचे थवे सरळ तिथेच उतरत होते. एकेक पोपट कणसावर बसायचा, चार दाणे खायचा आणि सहा खाली सांडायचा. दुर्गाबाईंनी मातीची गोळी कातड्यात धरली आणि पट्टे ताणले. माझ्या आयुष्यातला तो पहिला ताण! त्यांनी सोडलं आणि कातडं जाऊन माझ्या उजव्या गोंड्यात अडकलं. गोळी त्यांच्याच पायावर पडली. दुसऱ्या वेळी घामाने ओला हात माझ्या गुळगुळीत मुठीवरून सटकला आणि पट्टा त्यांच्या बोटांवर बसला. तिसरी गोळी गेली, पण बांधावरच्या बाभळीत. एक पोपट तर माझ्या आरशांच्या टिकल्या बघायला जवळ येऊन बसला. मेल्याला भीती म्हणून नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग गोंडे तोडायचे ना! तीच तर माझी तक्रार आहे. दुर्गाबाईंनी विळा हातात घेतला, गोंडा धरला आणि सोडून दिला. एका माणसाने रोज्यात घोटभर पाणी न पिता जी घडवली आणि जिला आपण हळदकुंकू वाहिलं, तिच्यावर विळा कसा चालवायचा? त्यांनी मला दव लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, बाभळीला टांगलं आणि पुन्हा डबा वाजवायला लागल्या. बाजाराच्या दिवशी गफ्फारभाऊ भेटले. त्यांनी मोठ्या हौसेने विचारलं, "कसी चालून राह्यली गुलेल?"

"भल्ली चांगली हाय, भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या. "एक बी पोपट फिरकत नाई."

हे त्यांनी चांगुलपणाने सांगितलं. त्या चांगुलपणाचा मला आजही राग येतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी नमाज आटोपून गफ्फारभाऊ स्वतः शेतावर आले. आपली गुलेल कशी चालते ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. बांधावर आले आणि त्यांची पावलं थांबली. अर्ध्याहून जास्त कणसं पांढरी, रिकामी. दुर्गाबाई घसा बसेपर्यंत ओरडत डबा बडवत होत्या. मी पिशवीत लोंबत होते. गफ्फारभाऊंनी मला काढलं, एक गोळी लावली आणि मारली. कातडं गोंड्यात अडकलं. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तेच झालं. ते मटकन बांधावर बसले.

"बाई, तुमी मले काहून नाई सांगतलं?"

"कसी सांगू भाऊ? पानी बी न पिता केली तुमी. चालत नाई म्हनायले तोंडच होत नोतं."

"अन् इकडं सारी जवारी जाऊन राह्यली!" गफ्फारभाऊ ओरडले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमी साधी मांगतली होती. मीनंच ऐकलं नाई."

त्यांनी दुर्गाबाईंचा विळा मागून घेतला. पहिल्यांदा गोंडे गेले, मग मणी आणि टिकल्या, मग गोट्याची किनार. मग लाखेचा रंग आणि सूतही त्यांनी खरवडून काढलं. सव्वा महिन्याची मेहनत काळ्या मातीवर पडली. शेवटी हातात राहिली ती जामाची फांदी, दोन पट्टे आणि चपलेचं कातडं. त्यांनी मला पुन्हा ताणलं. गोळी सणसणत गेली, कणसांच्या वरून नेमकी, आणि सगळा थवा कलकलाट करत उठला. मित्रांनो, आयुष्यात मला आनंद झाला तो तेवढाच. पुढचे बारा दिवस दुर्गाबाईंनी मला खाली ठेवलं नाही. त्यांचा खांदा दुखला नाही आणि माझा नेम चुकला नाही. रोज दुपारनंतर गफ्फारभाऊही यायचे आणि रोजा सोडायची वेळ होईपर्यंत तिथेच गोळ्या वळत बसायचे.

जवारी निघाली. साडेतीन पोती झाली. जानरावांनी ती दोनदा मोजली, कारण तेही काही वाईट माणूस नव्हते.

"वयनी, म्या बोललो होतो," ते एवढंच म्हणाले.

"बोलले होते खरं," दुर्गाबाई म्हणाल्या.

गफ्फारभाऊ खळ्यावर आले आणि हात जोडून म्हणाले, कसूर माझा आहे, बाईंचा नाही, एक साल अजून द्या. जानरावांनी त्यांना बसायला पोतं दिलं. "कसूर कोनाचा बी असो भाऊ, पेरा तं एकच करावा लागते," ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात त्या एकरातही कापूस लागला. मला घरात कोपऱ्यातल्या खुंटीवर जागा मिळाली. माझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, पट्टेही चांगले होते. काम तेवढं उरलं नव्हतं. वस्तूला याहून वाईट दिवस नसतात.

म्हणून हे तुमच्याजवळ बोलते आहे. वस्तू जपा, पुसून ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, वस्तू वेळेवर द्या आणि वेळेवर वापरा. करणारे असाल तर मागणाऱ्याने काय मागितलं ते नीट ऐका. घेणारे असाल आणि वस्तू चालत नसेल तर करणाऱ्याला तोंडावर सांगा. त्याला चार दिवस वाईट वाटेल, पण शेत वाचेल.

तो एकरही कापसाखाली गेला, त्या वर्षी दसऱ्यानंतर दुर्गाबाई कापूस वेचायला निघाल्या, तेव्हा काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी मला खुंटीवरून काढून कमरेला खोचलं. सकाळी पोपटांचा थवा आला. शेतावर एक मोठी चक्कर त्याने मारली. दुर्गाबाईंनी वेचणं थांबवलं, मला हातात घेतलं, गोळी न लावताच पट्टे कानापर्यंत ताणले आणि तशाच उभ्या राहिल्या. पोपट खाली उतरले नाहीत. उतरायला तिथे काही नव्हतंच. थवा वळला आणि सरळ पुढच्या गावाकडे निघाला. दुर्गाबाईंनी माझे पट्टे हळूच सैल केले आणि मान वर करून त्यांना हाक मारली, "काहून रे जाऊन राह्यले? या ना!"