दोनदा मोजलेली जोडी

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. विद्यार्थी माझ्या दारावर टकटक करण्याआधी दोन मिनिटं बाहेर उभे राहून धीर गोळा करतात, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. काम माझं कागदावरचं आणि संगणकावरचं. पदार्थातला प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक धरायचा, त्याला आम्ही फिरकी म्हणतो. एक फिरकी शेजारच्या फिरकीला किती ओढते, तो आकडा घालायचा आणि गणित करून बघायचं, की किती गरम केल्यावर या सगळ्या एका दिशेला बघायचं सोडून देतात. तिथे त्या पदार्थाचं चुंबकपण संपतं.

दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, त्याच संस्थेत तळमजल्यावर भट्टीच्या खोलीत होता. शाळेशी त्याचं कधी पटलं नाही, पण हात असे, की बघत राहावं. काचेच्या जाड नळीत भुकटी भरायची, हवा ओढून घ्यायची, ज्योतीवर नळीचं तोंड बंद करायचं आणि महिनाभर भट्टीत ठेवून तिच्यातून नखाएवढा स्फटिक काढायचा. लांबलांबच्या प्रयोगशाळा पत्रात लिहायच्या, की स्फटिक तुमच्या भट्टीवाल्याच्या हातचाच हवा. ती पत्रं तो घरी नेऊन वहिनीला दाखवायचा. त्याला दुसरी कसली हौस नव्हती.

मला तो लहानपणापासून 'अतिशहाणे' म्हणायचा. सगळ्यांसमोर म्हणायचा, माझे विद्यार्थी उभे असले तरी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गणितातून एक नवा पदार्थ निघाला. आमचं तापमान अतिथंड शून्यापासून मोजतात. त्यात पाणी उकळतं तीनशे त्र्याहत्तरला. माझा पदार्थ तीनशे चौऱ्याऐंशीपर्यंत चुंबक राहणार होता. उकळत्या पाण्यात टाकला तरी ढिम्म! मी शोधनिबंध छापला, भाषणं दिली आणि दादाला म्हटलं, "आता तू फक्त बनवून दाखव."

पहिल्या नळीतला स्फटिक आला. मोजला. एकशे नव्वद. म्हणजे बर्फाहून कितीतरी गार केला, तरच चुंबक.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. गणित आणि प्रयोग जुळले नाहीत, की गणितवाले म्हणतात, नमुन्यात घाण आहे. मीही तेच म्हणाले. दादानं मान डोलावली, तो स्फटिक डबीत टाकला आणि दुसरी नळी भरली. एकशे एक्क्याण्णव. तिसरी. एकशे एकोणनव्वद. महिन्याला एक नळी. दर वेळी तो आकडा घेऊन जिने चढून वर यायचा, पहिल्यांदा हसत, मग नुसताच. "तुझ्या फिरक्या माझीच फिरकी घेतायत बघ," असं एकदा म्हणाला. मी हसले नाही.

नवव्या नळीनंतर सगळ्यांच्या बैठकीत त्यानं हात वर केला. भट्टीवाला कधी बोलत नसे, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले.

"मला एक कळत नाही," तो म्हणाला. "घाण असती तर आकडा कधी वर, कधी खाली आला असता ना? हा दर वेळी निम्म्यालाच कसा येऊन थांबतो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, तू भट्टी सांभाळ," मी म्हणाले. "गणितात अक्कल पाजळू नकोस. हात थकले असतील तर तसं लिहून दे, दुसरा माणूस बघू."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा खाली बसला. त्या दिवसापासून त्यानं मला अतिशहाणे म्हणणं सोडलं, मॅडम म्हणायला लागला. घरीसुद्धा.

सोळाव्या नळीनंतर मी त्याला म्हटलं, की अजून गरम कर, म्हणजे राहिलेली घाण जाईल. तो म्हणाला, आतली वाफ फुगते, इतकं नळी सोसणार नाही. मी म्हटलं, "मग जमत नाही म्हण, आणि सोड." सतरावी नळी त्यानं मी सांगितलं तितकी तापवली. आत काय चाललंय ते बघायला तो वाकला आणि नळी फुटली. दोन्ही डोळे गेले.

चौकशी समितीनं मला विचारलं, तापमान वाढवण्याचा लेखी आदेश होता का? मी म्हणाले, नाही. ते खरंच होतं. लेखी काहीच नव्हतं. अहवालात छापून आलं, 'तंत्रज्ञाने स्वतःच्या जबाबदारीवर मर्यादा ओलांडली. पूर्वीचे नमुनेही सदोष.' दादाला घरी बसवलं. वहिनीनं तो अहवाल त्याला वाचून दाखवला. तो पूर्वीच्या नमुन्यांच्या वाक्याशी तिला थांबवून ते परत वाचायला सांगायचा, असं तिनं मला फोनवर सांगितलं, आणि फोन ठेवून दिला.

मागच्या आठवड्यात एक नवीन विद्यार्थिनी आली. माझा नियम आहे: संगणकाला आधी दोनच फिरक्या द्यायच्या, उत्तर हातानं काढून ताडून बघायचं. सगळ्यांना मी ते आपापल्या प्रोग्रामवर करायला लावते. माझ्या प्रोग्रामवर मात्र कधी केलं नव्हतं, कारण तो माझाच, तरुणपणी लिहिलेला, आणि माझं कसं चुकेल!

मुलगी दारात येऊन म्हणाली, "मॅडम, तुमच्या प्रोग्रामवर दुप्पट येतंय."

"डोळे उघडे ठेवून कर," मी खेकसले.

ती रडवेली झाली, पण गेली नाही. फळ्यावर तिनं दोन ठिपके काढले, मध्ये एक रेघ ओढली. "हा त्याला ओढतो, म्हणून प्रोग्राम एकदा मोजतो. मग तो याला ओढतो, म्हणून परत मोजतो. पण रेघ एकच आहे ना, मॅडम?"

मी खुर्चीत बसले. आजवर हा घोळ दिसला नव्हता, कारण ओढीचा आकडा मी प्रयोगात मोजलेल्या तापमानावरून याच प्रोग्रामनं उलटा काढायचे. चूक जाताना आणि येताना दोनदा व्हायची आणि पचून जायची. हा पदार्थ आधी कुणी बनवलेलाच नव्हता, म्हणून तो आकडा पहिल्यांदाच दुसऱ्या हिशेबानं आला होता, जोडी एकदाच मोजणाऱ्या. तीनशे चौऱ्याऐंशीचं निम्मं एकशे ब्याण्णव. दादा पहिल्याच नळीला तिथे पोचला होता.

मी तळमजल्यावर गेले. कपाटात सोळा डब्या होत्या, दादाच्या अक्षरात आकडे घातलेल्या. पिशवीत घालून दुपारीच त्याच्या घरी गेले.

वहिनीनं दार उघडलं, बाजूला झाली. दादा खिडकीजवळ ताठ बसला होता. "कोण, मॅडम?"

"दादा, माझं चुकलं," मी दारातूनच म्हणाले. बसले असते तर धीर सुटला असता. "गणित माझं चुकलं होतं. प्रत्येक जोडी दोनदा मोजली मी. निम्मंच बरोबर होतं. तुझ्या नळ्यांत घाण नव्हती. एकाही स्फटिकात नव्हती."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला बघवेना. "ऐकलंस का गं?" तो वहिनीला म्हणाला. "स्वच्छ होते! मी म्हणत होतो की नाही?" त्यानं हात पुढे केला. मी डब्या दिल्या. तो एकेक उघडून स्फटिक नखानं चाचपायला लागला, कडा, सपाट बाजू, पुन्हा कडा.

"अतिशहाणे," तो म्हणाला. वर्षभरानं म्हणाला. "म्हणजे पहिलाच बरोबर होता."

"हो."

त्याचा हात थांबला. वहिनी भिंतीला टेकली होती. तिला माझ्याआधी समजलं होतं, आता पुढे काय येणार ते.

"मग पुढच्या सोळा नळ्या मी कशाला तापवल्या गं?"

उत्तर एकच होतं आणि ते त्यालाही माहीत होतं. मी म्हणाले, "अहवाल मी बदलायला लावते. उद्याच लिहून देते, मी सांगितलं होतं म्हणून."

"ते दे," वहिनी म्हणाली. एवढंच.

दादानं पहिल्या डबीतला स्फटिक चिमटीत धरला आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं पुढे केला. "हा मी नीट बघितलाच नाही बघ. तू घाण म्हणालीस म्हणून तसाच डबीत टाकला. कसा आलाय? चकाकी आहे का?"

मी तो उजेडाकडे धरला. काळाभोर, ओरखडासुद्धा नव्हता.

"आरशासारखा आलाय, दादा."

"दिसतं का काही त्यात?"

माझं तोंड दिसत होतं. मी "हो" म्हणाले.