क्रमांक चौऱ्याऐंशीचा झेल

डार्विन प्रूएटने चेंडू झेलला. दोन्ही हातांनी, छातीशी, डोळे उघडे ठेवून. आता हे विसरून जा. असं काही घडलेलंच नाही. चेंडू मीच फेकला होता, त्यामुळे खात्रीने सांगतो.

घडलं ते एवढंच, की गुरुवारी सराव संपल्यावर मी कोच टिप्टन यांच्या खोलीत गेलो. माझ्यामागे समोरच्यांना अडवणाऱ्या आमच्या फळीतली पाच धिप्पाड पोरं होती. दारातून एका वेळी एकच मावत असल्याने विषय निघायला जरा वेळ लागला.

"कोच, उद्या एकदा डार्विनला चेंडू फेकू या का?"

कोच बुटातली माती काढत होते. "का? चालू आहे त्याला काय धाड भरलीय?"

धाड भरली नव्हती, हीच तर अडचण होती. हॅस्केट हायस्कूल चेंडू फेकत नाही. आमच्या ओक्लाहोमात फुटबॉल म्हणजे लांबोडका चेंडू बगलेत मारून पळायचा खेळ, आणि आमचा डाव एकच. समोरच्यांचा एक गडी आम्ही मुद्दाम मोकळा सोडतो. त्याला कुणी अडवत नाही. मी क्वार्टरबॅक, मी चेंडू हातात धरून त्याच्याकडे नुसता बघतो. तो मधल्या पळणाऱ्यावर धावला, तर चेंडू मी ठेवतो. माझ्यावर आला, तर कडेच्या गड्याकडे भिरकावतो. नुसता उभा राहिला, तर मधल्याला देतो. बिचारा काहीही करो, चुकतोच. तीन वर्षांत आम्ही दोनदा हरलो, त्यात एकदा आमची बस चुकीच्या गावाला गेली होती.

मग फेकायचं कशाला? फेकण्याला कोच 'टल्साची थेरं', म्हणजे मोठ्या शहरातले नखरे, म्हणत.

डार्विनची जागा झेलणाऱ्याची. नियमाप्रमाणे एक तरी झेलणारा उभा करावाच लागतो, म्हणून तो पार उजव्या टोकाला उभा असायचा. चार वर्षं. चेंडू एकदाही आला नाही. त्याचं खरं काम एकच, समोरच्या पोराला ढकलत न्यायचं, म्हणजे आमच्या पळणाऱ्याला कड मोकळी. हे तो इतकं सुंदर करायचा की डाव फसायचाच नाही, आणि डाव फसला नाही की फेकायची गरज नाही. एकदा वैतागून त्याने मुद्दाम ढिला धक्का दिला. समोरचा पोरगा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. आम्हाला सहा गुण मिळाले. कोचनी डार्विनची पाठ थोपटली.

"लेको, एकदा तरी नीट हरायला लागा ना," तो आम्हाला म्हणायचा.

"तू ढकलायचं थांबव, लगेच हरतो."

"नाही जमत रे. अंगात मुरलंय." ते खरंच होतं. रविवारी चर्च सुटलं की तो दारातल्या म्हाताऱ्यांना खांद्याने बाजूला सरकवत आईला वाट करून द्यायचा. माफी मागायचा आणि पुढच्याला सरकवायचा.

या सगळ्याशी त्याच्या वडिलांचा संबंध असा, की मिस्टर लॉयल प्रूएट आठवडाभर गावातले पाण्याचे मीटर वाचत आणि शुक्रवारी मैदानावरच्या कर्ण्यावर बोलत. चेंडू कुणी नेला, कुणी पाडला, त्याचं नाव ते पुकारत. ढकलणाऱ्याचं नाव पुकारायची पद्धत नाही. चार वर्षं त्यांनी गावातल्या प्रत्येकाच्या पोराचं नाव घेतलं. माझं तर इतक्यांदा घेतलं की माझी आईसुद्धा कंटाळली. स्वतःच्या पोराचं एकदाही नाही.

"एकदा घुसडा की मधेच," डार्विनची आई, मिसेस नेल्डा, त्यांना माझ्यादेखत म्हणाल्या होत्या. "कुणाला कळतंय?"

"कर्णा शाळेचा आहे, नेल्डा."

उद्याचा सामना डार्विनचा शेवटचा. पुढे कुठलं कॉलेज त्याला खेळायला बोलावणार नव्हतं. उन्हाळ्यापासून तो मामाच्या टायरच्या दुकानात जाणार होता. टायरच्या दुकानात कर्णा नसतो.

"त्याच्या बापाला एकदा त्याचं नाव घ्यायचंय, कोच," मी म्हणालो.

"घरी घेऊ दे की. कधी घेतोय ते कळव, मीही येतो ऐकायला."

आम्ही सहाही जण हललो नाही. दार आम्हीच अडवलेलं असल्यामुळे कोचनाही हलता येईना.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "चाळीस गुणांनी पुढे असलो, तर. एकदाच."

म्हणजे चेंडू मिळावा म्हणून डार्विनला जन्मात ढकललं नाही इतकं ढकलणं भाग होतं. आणि शुक्रवारी त्याने ढकललं. समोरच्या बीव्हर फोर्क संघाचा ऑरिन नावाचा लांबटांग्या पोरगा त्याच्या वाट्याला आला होता.

"हळू की लेका!" ऑरिन तिसऱ्यांदा उठता उठता ओरडला. "कप देणारेत का तुला?"

"माफ कर रे. बापासाठी चाललंय."

"मग माझा काय अनाथाश्रमातून आलाय? वर बसलाय तोही, बघ!"

डार्विनने वर बघितलं, मान डोलावली आणि त्याला पुन्हा पाडलं.

एक्केचाळीस-शून्य झाले. थोडाच वेळ उरला होता. कोचनी मला हाताने खूण केली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. फेकलेला चेंडू त्यांना बघवत नसे.

आम्ही घोळका केला. मी डार्विनच्या हेल्मेटची जाळी धरून त्याचं डोकं जवळ ओढलं. "ऐक. चेंडू हवेत असताना ढकललंस तर दंड. पळायचं, वळायचं, झेलायचं. बास."

"नियम मला माहितीये."

"म्हणून दाखव."

"पळायचं, वळायचं, झेलायचं."

"ढकलायचं?"

"नाही."

मी फेकला. मलाही सवय नव्हती. चेंडू भिरकावलेल्या चपलेसारखा गरगरत गेला. तिकडे संध्याकाळभर मार खाल्लेला ऑरिन डार्विनला येताना बघून आपणहूनच बाजूला झाला. डार्विनच्या पुढे नुसतं गवत होतं. चार वर्षांत त्याने एवढी मोकळी जागा पाहिली नव्हती. ती त्याने सोडली, वाकडी वाट केली आणि ऑरिनला शोधून खांदा लावला. नीट, खालून, पाय रोवून. ऑरिन आडवा झाला. मग डार्विन वळला, तर चेंडू आलाच होता.

गाव उभं राहिलं.

"झेल," कर्णा म्हणाला, आणि थांबला. "डार्विन. डार्विन ली प्रूएट."

मधलं नाव ते कुणाचंच घेत नसत.

ऑरिनशेजारी गवतावर पंचांचा पिवळा रुमाल पडला होता. दंड घ्यायचा की झेल राहू द्यायचा, हे बीव्हर फोर्कने ठरवायचं. त्यांचे कोच कडेवरून दोन्ही हात हलवत ओरडले, "घ्या! घ्या!" त्या संध्याकाळी त्यांना पहिल्यांदाच काहीतरी मिळत होतं.

लोक हळूहळू खाली बसले. कर्ण्यात नुसतीच खरखर ऐकू आली.

"दंड. हॅस्केट. क्रमांक चौऱ्याऐंशी. झेल रद्द."

दंडात नाव घेत नाहीत, पाठीवरचा क्रमांक घेतात. पंच चेंडू मागायला आले. डार्विनने तो शर्टाला पुसला, दोन्ही हातांनी त्यांना दिला आणि पार उजव्या टोकाला आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मी वर पाहिलं. कर्ण्यावर बोलायच्या खोक्यासारख्या खोलीच्या काचेमागे मिस्टर लॉयल उठून उभे राहिलेले दिसले. कर्णा खोकला, आणि रोजच्याच आवाजात बोलू लागला:

"बीव्हर फोर्क संघाच्या व्यवस्थापनास हॅस्केट मैदानातर्फे विनंती करण्यात येते की, सामन्याच्या निकालावर काहीही परिणाम होत नसल्याने, सदर दंड स्वीकारण्याच्या निर्णयाचा कृपया फेरविचार व्हावा. फेरविचार पूर्ण होईपर्यंत घड्याळ थांबवून ठेवावे, अशी पंचांनाही विनंती."