कडा कापलेलं कार्ड

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचं एक जुनं कार्ड आहे. आकाराने तळहाताएवढं, पण नाक मात्र वर. का नसावं? माझ्यावर एका उंचाड्या बास्केटबॉलपटूचं चित्र आहे. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. त्या बिचाऱ्याचा गुडघा पहिल्याच वर्षी मोडला आणि त्याची कार्डं छापणं थांबलं. म्हणून माझ्यासारखी कार्डं फार थोडी. पुढे माझ्या नकला मात्र पैशाला पासरी निघाल्या.

च्युइंगगमच्या पाकिटात बसून मी दुकानात आले. तिथे वाउटर नावाच्या विशीतल्या डच खलाशाने मला विकत घेतलं. गम त्याने चघळला, डाग माझ्या पाठीवर राहिला. मला खिशात घालून तो रॉटरडॅमला उतरला. पुढे दर शनिवारी आपल्या बास्केटबॉल क्लबात कॉफी पिताना तो मला बाहेर काढायचा आणि त्या दुकानाची गोष्ट सांगायचा. दहा जणांच्या हातांतून फिरताना माझ्या कडा झिजल्या. त्या झिजण्याचा मला फार अभिमान होता.

वाउटर म्हातारा झाला. एका शनिवारी कुणीतरी म्हणालं, "ही तर नक्कल आहे! इतकी वर्षं हा आपल्याला थापा मारतोय." सगळे हसले. वाउटरची कॉफी तशीच राहिली.

वाउटर आता डीमन नावाच्या डच गावात राहायचा, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर लीलावतीबाई मुलाकडे राहायच्या. मूळच्या पुण्याच्या, चौथी शिकलेल्या, पण ब्लाउज शिवून मुलाला इंजिनियर केलेल्या. जीभ अशी की समोरच्याने आधी दोन पावलं मागे सरकावं. त्यांची नात वल्लरी त्याच क्लबात खेळायची. वाउटरला ती ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा. ती म्हणाली, "ओपा, रॉटरडॅमला एक बाई कार्ड तपासून सर्टिफिकेट देतात. मी घेऊन जाते." वाउटरने मला तिच्या हातावर ठेवलं.

दुपारी लीलावतीबाईंनी मला टेबलावर पाहिलं.

"अगं, हे असं दशा सुटलेलं न्यायचं? लोक म्हणतील, घरात कुणी बाईमाणूस आहे की नाही!"

"आजी, डोन्ट टच! इट्स ओल्ड!" म्हणत वल्लरी सायकल काढून प्रॅक्टिसला गेली.

"ओल्ड तर मीही आहे. म्हणून काय वेणी घालत नाही?"

चाळीस वर्षांत दोरा लोंबणारं एकही ब्लाउज त्यांनी गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं. कात्री आली. चारही बाजू सुतासारख्या सरळ झाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हो. शेजाऱ्याची वस्तू परीक्षेला निघालीय, नखं कापून पाठवावी, एवढंच. मला ओरडता आलं असतं तर! त्यांनी मला कोऱ्या पाकिटात घालून पाकीट चिकटवलंसुद्धा.

रॉटरडॅमच्या बाईंनी पाकीट फोडून आधी पट्टी लावली. दोन मिलिमीटर कमी. भिंग त्यांनी उचललंच नाही. "माप बसत नाही. याला खरं म्हणून मी लिहून देणार नाही," त्या म्हणाल्या.

वल्लरीने घरी येऊन माप कमी भरल्याचं सांगितलं आणि विचारलं, "आजी, तू काही केलंस का?"

लीलावतीबाईंना सगळं कळलं. पण आजवर कुणापुढे मान खाली घातली नव्हती, ती नातीपुढे कशी घालायची? "मी काय करणार? त्या बाईचीच पट्टी फुटकी असेल."

वाउटरला वल्लरीने माप सांगितलं. त्याने मला हातातही घेतलं नाही. "तुझ्याकडेच ठेव," म्हणाला. थोड्याच दिवसांत तो लायडनला मुलीकडे राहायला गेला. सामानाची गाडी निघाली तेव्हा लीलावतीबाई पडद्यामागे उभ्या होत्या.

महिन्याभराने वल्लरी म्हणाली, "आजी, ओपांनी क्लबला सॉरीचं लेटर लिहिलंय. मी खोटं सांगत आलो, असं. बोर्डवर लावलंय."

लीलावतीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. पोळी तव्यावर करपली. "चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "लायडनला जायचंय."

वाउटरसमोर त्यांनी मला ठेवलं आणि वल्लरीकडे वळल्या. "सांग त्यांना. कात्री मी चालवली आणि तोंड मीच बंद ठेवलं. ते खोटं बोलले नव्हते."

वल्लरीचा चेहरा उतरला, तरी तिने शब्दन् शब्द डचमध्ये सांगितला. वाउटरने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग तो हळूच म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं, मी त्या दुकानात कधी गेलोच नव्हतो."

रागावला असता तर बरं झालं असतं. लीलावतीबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. त्या शनिवारी वल्लरीने बोर्डवरचं पत्र काढून आणलं. पण तोवर ते सगळ्यांनी वाचलं होतं, आणि काढल्यावर कारण विचारायला कुणीही आलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नको तो शहाणपणा करून हात लावू नका. तिचा डाग, तिची झीज हीच तिची साक्ष असते. आणि हात लागलाच, तर त्याच दिवशी तोंड उघडा. कात्रीने माझे दोन मिलिमीटर गेले, ते मी सोसलं. महिनाभर गप्प बसण्याने एका म्हाताऱ्याची स्वतःच्या तरुणपणावरची खात्री गेली. ती कुठल्या पट्टीने मोजायची, ते मला कुणी सांगावं.