देवा बोले, लेकी लागे

लिफ्टमिस्त्रींची प्रार्थना लांबते, हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. चर्चमध्ये त्यांना प्रार्थनेला उभं केलं की जाणती माणसं आधी टेकायला भिंत शोधायची. आजारी, प्रवासी, अनाथ, राज्यकर्ते, सगळ्यांना देवाच्या पायाशी नेऊन बसवल्याशिवाय मिस्त्री आमेन म्हणत नसत. माणूस मनाचा चांगला, त्यात वाद नाही. पण घरी याच प्रार्थनेला आणखी एक शेपूट फुटायचं.

संध्याकाळी जेवणाआधी चौघं टेबलाशी बसायची. मिस्त्री डोळे मिटायचे आणि सुरू करायचे, "हे स्वर्गीय पित्या, तू सर्व काही पाहतोस. न्हाणीघरातला दिवा दुपारभर कोणी चालू ठेवला, तेही तू पाहिलं असशीलच. त्या व्यक्तीला सुबुद्धी दे." त्या व्यक्तीला, म्हणजे धाकट्याला, हसू आवरायचं नाही. लेकी बोले सुने लागे अशी आपल्यात म्हण आहे. या घरात ती 'देवा बोले, लेकी लागे' अशी झाली होती, आणि हा बदल खुद्द मिस्त्रींच्या बायकोने केला होता. पोरं लहान होती तोवर ही गंमत होती. सृष्टीच्या निर्मात्याला या घरात निरोप्याची नोकरी लागली होती, इतकंच.

मग नववीचा निकाल लागला आणि थोरली नापास झाली.

थोरलीचं घरातलं नाव खारू. लहानपणी तोंडातला घास गिळायचा सोडून गालात साठवून ठेवायची, म्हणून खारू. धाकटा आठवी पास होऊन नववीत गेला. शाळेत नववीची तुकडी एकच. म्हणजे यंदा बहीणभाऊ एकाच वर्गात, आणि तेही बहिणीच्या दुसऱ्या खेपेला.

मिस्त्रींनी आरडाओरडा केला नाही. "मी तिला एका शब्दाने बोललो नाही," असं ते बायकोला अभिमानाने सांगत, आणि ते अक्षरशः खरं होतं. ते तिच्याशी एक शब्दही बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते डोळे मिटून.

"हे प्रभू, ज्यांना तू बुद्धी दिलीस आणि ज्यांनी ती मोबाईलमध्ये घातली, त्यांच्यावर दया कर."

त्यांच्यानंतर खारूची पाळी असायची. तीही याच बापाची लेक. "हे देवा," ती म्हणायची, "ज्यांना वाटतं मी अभ्यास केला नाही, त्यांना सांग की मी केला होता. मला गणित कळतच नाही. आमेन."

मिस्त्रींना मग पुन्हा प्रार्थना सुचायची. "पित्या, कळत नसेल तर विचारावं, एवढं तरी ज्ञान दे."

"देवा, विचारलं की लोक 'एवढं पण येत नाही?' म्हणतात. म्हणून विचारत नाही. आमेन."

ताटातलं अन्न निवायचं. धाकटा अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी टेनिसचा सामना बघावा तसा एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचा. पुढे एका संध्याकाळी खारूची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला काही म्हणायचं नाही." दुसऱ्या दिवशीही तेच, आणि त्यानंतर रोजच. भांडण मिटलं म्हणून मिस्त्री खूश झाले. आपल्या प्रार्थनांना फळ आलं, असं त्यांना वाटलं. माणूस कशात समाधान मानील सांगता येत नाही. बायकोला मात्र त्या शांततेची धास्ती वाटायला लागली.

सुट्टी संपत आली. सोमवारी शाळा उघडणार होती. आदल्या शनिवारी दुपारी एका ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक वकीलबाई होत्या आणि त्या दारावर दणादण मुठी आपटत होत्या. मिस्त्रींचा जोडीदार वर मशीनच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवायला लागला. मिस्त्री दाराच्या फटीला तोंड लावून उभे राहिले.

"बाई, मी आलोय. तुम्ही बाहेर येईपर्यंत इथून हलत नाही. घाबरायला झालं का?"

आतून हुंदका आला.

"होतं तसं. मोठमोठे साहेब रडतात आत. तुम्ही खाली बसा पाहू. जेवलात का? घरी कोण कोण असतं?"

लिफ्ट खाली यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात बाईंच्या सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं मिस्त्रींना तोंडपाठ झालं होतं. बाई हसतच बाहेर आल्या. पहारेकरी म्हणाला, "काय गोड बोलता हो, मिस्त्री! तुमची पोरं नशीबवान." मिस्त्री नुसतं "हं" म्हणाले आणि हत्यारं पिशवीत भरायला लागले. का कोण जाणे, ते वाक्य त्यांना टोचलं.

घरी आले तर बायको गणवेशांना इस्त्री करत होती. धाकट्याचा झाला होता. खारूचा तसाच चुरगळलेला पडला होता.

"ती करू देत नाहीये," बायको म्हणाली. "शाळेत जाणार नाही म्हणते. आत्याच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करीन, पण धाकट्याच्या वर्गात बसणार नाही म्हणते."

मिस्त्रींनी शांतपणे बूट काढले. "बरं. आज प्रार्थनेत घेतो तो विषय."

बायकोने इस्त्री धाडकन उभी केली. "प्रार्थनेत? अहो, देव म्हणतोय का शाळेत जाणार नाही म्हणून? पोरगी म्हणतेय. ती त्या भिंतीपलीकडे बसलीय. उठा आणि तिच्याशी बोला."

"काय बोलू?"

"ते मला विचारता? भरल्या मंडळीपुढे बोलताना तुम्हाला कधी विचारावं लागलं नाही!"

मिस्त्री उठले. खारू भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते दारात उभे राहिले. एकदा खाकरले. पुन्हा एकदा खाकरले. मग म्हणाले, "पंखा बारीक करू का?"

"नको."

डोंगर पोखरून उंदीर निघाला. मिस्त्री परत येऊन खुर्चीत बसले, आणि बायकोने त्यांच्याकडे बघायचंही टाळलं. त्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थनेत अन्नाबद्दल आभार मानले आणि लगेच आमेन म्हटलं. धाकट्याला वाटलं बाबांना बरं नाही.

शाळा सुरू होण्याआधीच्या रविवारी चर्चमध्ये मुलांसाठी खास प्रार्थना व्हायची. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयाने थकलेले, दम्याने बेजार. दरवर्षी ते मुलांना पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवायचे आणि समारोपाची प्रार्थना हमखास मिस्त्रींना सांगायचे. मिस्त्री तयारीत आले होते. खारू आईच्या सांगण्यावरून आली होती, पण बाकाच्या अगदी टोकाला बसली होती.

"यंदा मी हात ठेवणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही ठेवायचा, आपापल्या लेकराच्या डोक्यावर. अट एकच. मुलाची तक्रार करायची नाही. तक्रार असेल तर नंतर माझ्याकडे या, चहा पाजतो आणि सगळी ऐकून घेतो. पण देवापुढे मूल न्यायचं ते आरोपी म्हणून नाही. गुण मागू नका, नंबर मागू नका. मूल तुमच्या पदरात आहे याचे आभार माना, आणि त्याला जे हवंय ते मागा." ते खोकले, थांबले, पुन्हा बोलायला लागले. "आणि मुलांनो, पुस्तकं नवी आहेत म्हणून वर्ष सोपं जाईल असं नाही. एखादी गोष्ट न येणं हे पाप नव्हे. ती येत नाही हे लपवावं लागतं, ते फार वाईट. आणि लपवायला लावणारे आम्ही मोठेच असतो."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती, इतक्या निरागसपणे की संशयच यावा.

सगळे उभे राहिले. बायकोने चपळाई करून धाकट्याला आपल्याकडे ओढलं. उरली खारू. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चहूबाजूंनी पुटपुट सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, मी तुझे आभार मानतो की तू हिला चांगली स्मरणशक्ती दिलीस..." पुढचे शब्द जिभेवर तयारच होते: जी ही वापरत नाही. त्यांनी जीभ चावली. "आभार मानतो की हिला चांगली शाळा मिळाली..." जिची हिला किंमत नाही. तेही गिळलं. प्रत्येक आभाराच्या टोकाला एक गळ लावलेला. तो काढून टाकला की पुढे वाक्यच उरत नव्हतं. साऱ्या जगासाठी मागणं मागणारा माणूस स्वतःच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मुका झाला.

मग त्यांना हाताखाली जाणवलं. खारूची मान ताठ झाली होती आणि खांदे वर चढले होते. चापट बसणार हे ठाऊक असलेलं मूल आक्रसून उभं राहतं, तशी ती उभी होती. मिस्त्रींनी तिला जन्मात कधी मारलं नव्हतं. ही माझ्या प्रार्थनेला भिते, हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"बाबा," खारू कुजबुजली, "काहीतरी म्हणा ना. लोक बघतील."

"सुचत नाहीये गं."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण देवाला नाही, पोरीला सांगितलं. तिने डोळे उघडून वर पाहिलं.

"तुम्हाला?"

"मला." मिस्त्री म्हणाले. "तूच सांग, काय मागू तुझ्यासाठी?"

खारूने मान हलवली. "मागू नका काही. देवाला सगळं माहीत आहे. तुम्हाला नाही. मला विचारा."

"उद्या जायची भीती वाटते?"

"हो."

"कशाची?"

"हजेरीची." तिचा आवाज बारीक झाला. "आमच्या दोघांचं आडनाव एकच. सर आमची नावं पाठोपाठ घेणार. आणि रोज सगळा वर्ग वळून बघणार."

सुट्टीभर मिस्त्रींनी सगळ्याचा विचार केला होता. तिच्या गणिताचा, तिच्या भवितव्याचा, मंडळीत लोक काय म्हणतील याचा तर फारच. हजेरी त्यांच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

"मला वाटलं होतं, तुला काही वाटतच नाही," ते म्हणाले.

"मला पण तुमच्याबद्दल तसंच वाटलं होतं."

"चुकलं माझं, खारू."

चर्चमध्ये इतकं लहान वाक्य ते कधी बोलले नव्हते. आजूबाजूला एकेक आमेन पडत गेलं, बाकं करकरली, माणसं खाली बसली. मिस्त्रींचा हात अजून पोरीच्या डोक्यावर होता. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि पुढच्या गीताचं पान शोधायला सुरुवात केली. ते पान काही केल्या त्यांना सापडेना.

"आई," धाकटा कंटाळून म्हणाला, "बाबांची प्रार्थना संपतच नाही."

"गप्प बस. प्रार्थना कधीच संपली," आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपायला लागली. "ते बोलतायत."

मिस्त्रींना आता लोकांचं भान नव्हतं. "हजेरी काही मला बदलता येत नाही," ते खाली वाकून म्हणाले. "आत्याकडे जायचं असलं तर तेही बघू, मी चिडणार नाही. पण खरं सांग. तुला शाळा नकोय, की ती हजेरी नकोय?"

खारूने नाक ओढलं. मिस्त्री थांबले.

"हजेरी," ती म्हणाली.

"मग उद्या मी येऊ बरोबर? फाटकापर्यंत?"

"फाटकापर्यंत नको हं. मुलं हसतील. कोपऱ्यापर्यंत."

"बरं. कोपऱ्यापर्यंत."

"आणि तिथे उभं राहून डोळे मिटायचे नाहीत," खारू म्हणाली. तिचे खांदे हळूहळू खाली आले होते. "मी आत जाईपर्यंत माझ्याकडे बघायचं."