नखानं उपटलेला परिच्छेद

माझी नणंद लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खाते. त्या पुस्तकांतल्या गोष्टी मी लिहिते. लेखनाच्या पुरस्कारानं मला इतक्यांदा हुलकावणी दिली होती की निकालाच्या दिवशी माझा नवरा घरात पाय न वाजवता फिरायचा.

यंदाची गोष्ट होती बाजारात हरवलेल्या शेळीच्या करडाची. नणंदेची पद्धत अशी, की माझी वाक्यं छापून, कातरून चित्रांवर हलकेच चिकटवायची आणि चित्रात जे दिसतंच आहे ते वाक्य नखानं उपटायचं. ‘करडू चिखलात पडलं’ गेलं. ‘दुकानदार खेकसला’ गेलं. शेवटी आईला करडू सापडतं, त्या पानावरचा तर तिनं अख्खा परिच्छेदच उपटला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला परिच्छेद!

“अगं बाई, बक्षीस लेखनाचं असतं, कोऱ्या जागेचं नाही!” मी कडाडले.

“वहिनी, तू एकदा चित्र बघ तरी.”

“काय बघायचंय? शेळीच आहे ना?”

तणतणत मी तो कागद परत चिकटवायला घेतला आणि चित्राकडे नजर गेली. शेळीची मान पुढे, कान मागे, पुढचा एक पाय अजून हवेतच. मला रडूच फुटलं. आता काय डोंबल चिकटवणार! पान तसंच छापायला गेलं. प्रकाशकानं कपाळाला हात लावला. “लेखनाचं बक्षीस विसरा,” म्हणाला.

समारंभाला सभागृह मुलांनी गच्च भरलं होतं. चित्रांचा पुरस्कार आधी जाहीर झाला. नणंदेला! मी अशी किंचाळले की पुढच्या रांगेतले आजोबा दचकले. पण खरं सांगते, टाळ्या वाजवता वाजवता मी मनात हिशेबही केला. एकाच पुस्तकाला दोन्ही बक्षिसं कोण देतंय? यंदाही माझा पत्ता कट.

मग परीक्षक बाई उठल्या. त्यांनी आमचंच पुस्तक उघडलं आणि ते बिनशब्दांचं पान मुलांसमोर धरलं.

“शेळी काय म्हणतेय रे?”

“कुठे होतास तू!” एक जण ओरडला.

“मी काही रडले नाही हं!”

“घरी चल, मग बघते तुला!”

पोरं थांबेचनात. सभागृह नुसतं दणाणून गेलं. बाई पान तसंच धरून हसत होत्या.

“हे सगळं जिनं लिहिलं नाही,” त्या म्हणाल्या, “यंदाचा लेखनाचा पुरस्कार तिला.”

नणंदेनं ढकललं तेव्हा कुठे मी उठले. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी व्यासपीठावर पोचले. कुणीतरी माईक हातात देऊन म्हणालं, “दोन शब्द बोला.”

दोन? इतकी वर्षं थांबले होते मी! खाली बसलेली नणंद हातानं ‘पुरे, पुरे’ करत होती. पुस्तकात तिचं ऐकलं, तेवढं बास झालं. मी बोलत राहिले.